लग्नाला या, सही करून जा

लग्नाची पत्रिका हातात आली की आपण दोन गोष्टी बघतो. मुहूर्त किती वाजताचा आहे आणि जेवण आहे की नुसतंच आइस्क्रीम. गेल्या उन्हाळ्यात माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाची पत्रिका आली. तीत वेळ होती, जेवणही होतं, पण सोबत एक छोटी छापील चिठ्ठी होती. तिचा मतितार्थ असा: आमच्या लग्नात पुरोहित नसेल. वाद्यं नसतील. बराच वेळ शांतता असेल. तुम्हाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोला, नाही वाटलं तर गप्प बसलात तरी चालेल. शेवटी मात्र सगळ्यांनी सही करायची आहे.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. बाकी सगळं ठीक, पण सही? कशावर?

सहकारी क्वेकर आहे हे मला ऐकून माहीत होतं. क्वेकर म्हटलं की आपल्याकडे ओट्सचा डबा आठवतो. त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही, नाव तेवढं उचललेलं. पंथाचं खरं नाव 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स', म्हणजे मराठीत चक्क मित्रमंडळ. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने लोकांना सांगायला सुरुवात केली की देव प्रत्येकाच्या आत आहे, त्याच्याशी बोलायला मध्ये दलाल लागत नाही. दलाल नको म्हटल्यावर दलालांना राग येणारच. हजारो क्वेकर तुरुंगात गेले. त्यांच्यातलाच एक विल्यम पेन. त्याला १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाने अमेरिकेत मोठा मुलूख दिला, तो आजचा पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फिया शहर त्यानेच वसवलं.

या शहराशी आपलंही एक नातं आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, ते स्त्रियांसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये फिलाडेल्फियात निघालं आणि ते काढणाऱ्यांत क्वेकर मंडळी पुढे होती. बायकांनी सभेत उभं राहून बोलावं हे ज्यांना दोनशे वर्षं मान्य होतं, त्यांना बायकांनी नाडी तपासावी याचं फारसं नवल वाटलं नसावं.

तर लग्न. फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर एक दगडी, बैठी इमारत. तिला चर्च म्हणत नाहीत, मीटिंग हाऊस म्हणतात. आत शिरलो आणि क्षणभर वाटलं की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या वर्गात आलो. क्रूस नाही, मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, रंगीत काचा नाहीत, व्यासपीठ नाही. नुसती लाकडी बाकं, तीही समोरासमोर मांडलेली. म्हणजे पाहुण्यांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं. आपल्या कार्यालयातल्या लाल मखमली खुर्च्या आठवल्या. तिथे आपण सगळे एका दिशेला, स्टेजकडे बघत असतो, आणि स्टेजवर फोटोग्राफरची पाठ दिसत असते.

वधू-वर एकत्रच चालत आले. वडिलांनी मुलीला हात धरून आणायचं, मग जावयाच्या हाती सोपवायचं, असला प्रकार नाही, कारण कुणी कुणाला दान करत नाही. एका वयस्कर बाईंनी उठून दोन मिनिटांत सगळा क्रम समजावून सांगितला आणि त्या बसल्या. मग शांतता सुरू झाली.

शांतता म्हणजे खरोखर शांतता. पहिली दोन मिनिटं मी छत पाहिलं. मग खिशातला फोन बंद केलाय ना याची चिंता केली. मग शेजारच्याच्या पोटात गुरगुरलं ते ऐकलं. पाचएक मिनिटांनी मात्र डोकं गप्प व्हायला लागलं. विपश्यनेला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच की इथे शंभर माणसं मिळून गप्प होती आणि समोर दोन माणसं लग्न करायला बसली होती.

दहा-पंधरा मिनिटांनी ती दोघं उठली. त्यांना कुणी 'उठा' म्हटलं नव्हतं. एकमेकांचा हात धरून आधी त्याने आणि मग तिने एकेक वाक्य म्हटलं. देवाच्या आणि या मित्रांच्या साक्षीने मी तुला स्वीकारतो, आयुष्यभर प्रेमाने आणि निष्ठेने तुझ्याबरोबर राहीन, साधारण असं. दोघांचे शब्द तेच. कुणी मागून सांगत नव्हतं आणि समजणार नाही अशा भाषेतही नव्हतं. मग ती खाली बसली. झालं लग्न!

जुन्या क्वेकरांची आणखी एक गंमत. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही होतं. मोठ्यांना 'यू', बरोबरीच्यांना आणि धाकट्यांना 'दाऊ', 'दी'. क्वेकरांनी ठरवलं की माणसं सारखी, तर सगळ्यांना 'दी'. न्यायाधीशालाही अरे-तुरे! त्यापायी मारही खाल्ला. माझ्या आईने सबंध आयुष्यात वडिलांना 'अहो' सोडून हाक मारलेली नाही आणि वडिलांनी तिला 'अगं' सोडून. त्यामुळे दोघांनी एकमेकांना तेच वाक्य, त्याच शब्दांत म्हणणं माझ्या कानाला जरा जास्तच जाणवलं.

यानंतर एका टेबलावर मोठा, जाड कागद मांडला होता, हाताने सुरेख लिहिलेला. वधू-वरांनी त्यावर सह्या केल्या, एकाने तो मजकूर सर्वांना वाचून दाखवला. मग पुन्हा शांतता, पण आता अधूनमधून कुणीतरी उठून बोलत होतं. वराच्या आजोबांनी आपल्या दिवंगत बायकोची एक आठवण सांगितली. वधूची मैत्रीण कॉलेजातल्या एका भांडणाबद्दल बोलली. सातआठ वर्षांचा एक मुलगा उठला, म्हणाला, "मला दोघंही आवडतात," आणि बसला. दोन बोलण्यांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा असा शिरस्ता आहे. एक वाक्य पडलं की ते तळाला जाईपर्यंत थांबायचं. अर्ध्या-पाऊण तासाने त्या वयस्कर बाईंनी शेजाऱ्याशी हात मिळवला, मग सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याशी. विधी संपला.

आणि मग रांग लागली. जेवणाची नव्हे, सहीची. जे जे हजर होते त्या सर्वांनी, लहान मुलांसकट, त्या कागदावर सही करायची असते. नुकतं लिहायला शिकलेली एक मुलगी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर रेखत होती आणि मागे वीस माणसं निवांत उभी होती. तो कागद नंतर चौकटीत जातो आणि नवरा-बायकोच्या घरात भिंतीवर लागतो. जन्मभर.

माझा नंबर आला. पेन हातात घेतलं आणि मी थांबलो.

कारण सही हा माझा धंदा आहे. आमच्या प्रयोगशाळेत धातूचे भाग कितव्या फेऱ्याला तडकतात ते तपासतात आणि अहवालाच्या शेवटी माझी सही असते. उद्या काही तुटलं तर पहिला प्रश्न, याच्यावर सही कोणाची? म्हणून सही करण्याआधी मी अहवाल तीनदा वाचतो. इथे मी कशाची हमी देत होतो?

जेवताना (घराघरातून आणलेली भांडी, लिंबाचं सरबत, दारू नाही) मी त्या वयस्कर बाईंनाच विचारलं. सही केली म्हणजे माझ्यावर नक्की जबाबदारी काय? त्या म्हणाल्या, "ते बोलावतील तेव्हा जायचं. आणि त्यांनी बोलावलं नाही तरी अधूनमधून कॉफीला जायचं."

हे उत्तर मला लागलं. का लागलं ते सांगतो.

दहा वर्षांपूर्वी सांगलीला माझ्या आतेबहिणीचं लग्न झालं. हजारबाराशे माणूस. मी पीएच.डी.च्या मधून सुट्टी काढून गेलो, अक्षता टाकल्या, फेटा बांधून फोटो काढले, दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. दीड वर्षाने एकदा तिचा फोन आला. "दादा, जरा बोलायचं होतं." माझा प्रबंध सादर करायचा महिना होता. मी म्हटलं, "सुरुवातीला सगळ्यांचंच असं असतं गं, थोडं ॲडजस्ट कर. मी करतो तुला पुन्हा फोन." मी फोन केला नाही. पुढे दोनेक वर्षांनी ती माहेरी परत आल्याचं मला आईकडून कळलं, तेही 'कुणाला बोलू नकोस' या प्रस्तावनेसह. हजारबाराशे माणसांनी तिच्या डोक्यावर तांदूळ टाकले होते. त्यातल्या एकानेही तिला काय झालं म्हणून विचारलं नव्हतं. त्या हजारबाराशेंत मी होतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नातेवाइकांनी संसारात लक्ष घालायची कमी आहे का? उलट जास्तच आहे! आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर क्वेकर लग्नाच्या त्या भागात आहे जो पाहुण्यांना दिसत नाही.

लग्नाच्या कितीतरी महिने आधी ती दोघं आपल्या मीटिंगला पत्र लिहितात, आम्हाला तुमच्या देखरेखीखाली लग्न करायचं आहे. मीटिंग तीनचार अनुभवी माणसांची एक समिती नेमते. ती या दोघांबरोबर बसते आणि प्रश्न विचारते. पैसे कसे वापरणार? एकाची नोकरी गेली तर? मुलं हवीत का? भांडलात की दोघांपैकी कोण गप्प बसतं? आई-वडील म्हातारे झाले की? माझा सहकारी सांगत होता की दुसऱ्या बैठकीनंतर ती दोघं गाडीत बसून तासभर भांडली, आणि लग्नाच्या सगळ्या तयारीत तो तास सगळ्यात उपयोगी ठरला. समितीचं समाधान झालं की मीटिंग मान्यता देते. आणखी दोनचार जण लग्नाचा दिवस नीट पार पाडायची, कायद्याची कागदपत्रं भरायची जबाबदारी घेतात.

आपण याच जागी काय करतो? पत्रिका जुळवतो. छत्तीसपैकी अठरा गुण आले की पास. आणि मग यादी करतो. यादीला दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, कागदाला हळदकुंकू लागतं, कार्यालय कोणाकडे, मानपान किती, वरमाईची साडी केवढ्याची, हे सगळं लिहिलं जातं, आणि खाली सह्या होतात. म्हणजे बघा, सह्यांचा कागद आपल्याकडेही आहे. फक्त त्यावर नवरा-नवरीची एकमेकांना दिलेली वचनं नसतात, आणि बहुतेक वेळा त्यांची सहीही नसते. लग्नातही वराने म्हणायचं 'नातिचरामि' गुरुजींमागून संस्कृतात होतं. मुलीने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने काय म्हणायचं, तर उखाणा.

हे सगळं कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भटजीविना पहिलं लग्न लावलं. १८८७ साली त्यांनी छापलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी मराठीत बोलतात. ती स्त्रियांच्या हक्कांचं विचारते, तो वचन देतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही असंच आहे. आपण ज्याला 'रजिस्टर लग्न' म्हणून नाक मुरडतो, त्यात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, मी तुला स्वीकारतो असं म्हणावंच लागतं. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात तिथे 'यू' नाही, 'दी' आहे! क्वेकरांचा तो जुना 'तू' भायखळ्याच्या किंवा सांगलीच्या विवाह नोंदणी कार्यालयात बसला आहे आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.

क्वेकरांना मी डोक्यावर घेतोय असं वाटत असेल तर थोडं उतरवतो. एक तर सगळे क्वेकर असे नाहीत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात आणि जगात सर्वाधिक क्वेकर जिथे आहेत त्या केनियात बहुतेक ठिकाणी पाद्री असतो, भजनं असतात, लग्न इतर प्रोटेस्टंट लग्नासारखंच असतं. दुसरं, याच मंडळींनी शंभर-दीडशे वर्षं पंथाबाहेर लग्न करणाऱ्यांना सरळ बाहेर काढलं. अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची जिची दंतकथा आहे ती बेट्सी रॉस फिलाडेल्फियाची क्वेकर मुलगी. १७७३ साली तिने चर्च ऑफ इंग्लंडमधल्या मुलाशी पळून जाऊन लग्न केलं आणि मित्रमंडळाने तिला वाळीत टाकलं. आपल्याकडे जातपंचायतींच्या असल्या उद्योगांसाठी २०१६ साली विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तेव्हा नावं ठेवायला आपल्यालाही फार जागा नाही. क्वेकरांनी ही चूक पुढे सोडली. माझ्या सहकाऱ्याची बायको कॅथलिक आहे आणि कुणी भुवई उंचावली नाही.

साक्षीदारांवर त्यांनी इतका भर का दिला याला इतिहास आहे. पुरोहित नाही म्हणून त्यांची लग्नं खोटी ठरवायचे प्रयत्न झाले. १६६१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला एका मयत क्वेकराच्या मालमत्तेवरून खटला झाला. त्याचं लग्न चर्चमध्ये लागलं नव्हतं, सबब मूल औरस नाही, असा दावा होता. न्यायाधीशाने आदम आणि हव्वेच्या लग्नाचा दाखला दिला, तिथे तरी कुठे पाद्री होता? निकाल क्वेकरांच्या बाजूने लागला. अशा काळात शंभर सह्यांचा कागद हा भक्कम पुरावा होता. आजही पेनसिल्व्हेनियात लग्न लावणाऱ्याशिवाय लग्न करण्याचा वेगळा परवाना मिळतो. त्यावर वधू, वर आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या पुरतात. २००७ साली पिट्सबर्गकडच्या एका जोडप्याला धर्म विचारून हा परवाना नाकारला गेला तेव्हा प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, आणि अर्जदाराचा धर्म विचारता येणार नाही असं ठरलं.

म्हणजे सहीची गरज कोर्टासाठी कधीच संपली. तरी ती चालू आहे, कारण तिचा दुसरा उपयोग टिकला. या सह्यांनी लग्नं मोडायची थांबतात का? नाही. क्वेकरांचेही घटस्फोट होतात. पण लग्नाआधी जशी समिती बसते तशी वेगळं होतानाही बसू शकते, दोघांनी एकमेकांना कमीत कमी जखमा करून बाजूला व्हावं म्हणून. मला इथे साक्षीदाराचं काम समजलं. साक्षीदार लग्नाचा पहारेकरी नसतो. तो त्या दोन माणसांचा असतो. मी बहिणीला 'ॲडजस्ट कर' म्हटलं तेव्हा मी तिच्या लग्नाची बाजू घेतली होती, तिची नव्हती. आणि तिने तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपली लग्नं आहेत तशी असू द्या. सनई वाजू द्या, मुंडावळ्या असू द्या, मठ्ठा तर असलाच पाहिजे. पण यादीच्या बैठकीएवढाच वेळ घरातल्या दोघातिघा शहाण्या माणसांनी फक्त मुला-मुलीबरोबर बसावं, आई-वडील वगळून, आणि मानपान सोडून बाकी सगळं विचारावं. लग्नात दोघांनी एक वाक्य तरी स्वतःच्या भाषेत एकमेकांना म्हणावं. आणि जेवणाच्या हॉलच्या दाराशी एक टेबल, एक मोठा कागद आणि दोन पेनं ठेवावीत. हजार सह्या होणार नाहीत. पन्नास झाल्या तरी पुष्कळ आहेत. त्या पन्नासांना निदान कळेल की आपण फक्त जेवून आलो नाही.

मी त्या दिवशी सही केली. देवनागरीत केली, म्हणजे भिंतीवर सापडायला सोपी. घरी आलो तेव्हा भारतात सकाळ झाली होती. बहिणीला फोन लावला. "आता काय दादा, सहा वर्षं झाली," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, मला उशीर झाला. मग ती तासभर बोलली. मी बहुतेक वेळ गप्प होतो, त्या दिवशी सराव झालेलाच होता.

येत्या डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे, मिरजेला. कागदाची कल्पना मामाला सांगितली. मामा म्हणाला, "अरे, आधी यादीवर सह्या होऊ देत, मग तुझ्या कागदाचं बघू." दुसऱ्या दिवशी मामीचा निरोप आला, "तो कागद कसा असतो, फोटो पाठव."